राजे उमेदवार झाले

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे पश्चिमेकडे निघाले, की सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. सागाची झाडे, उतारावरची नाचणी-वरीची शेते आणि कुडाच्या भिंतींची घरे दिसू लागतात. आधी मोखाडा लागते, मग जव्हार. पूर्वी हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या आदिवासी जमातींची येथे जुनी वस्ती आहे. याच जव्हारच्या गादीवर बसलेले शेवटचे राजे पुढे मतपेटीतून निवडून आले आणि दिल्लीला लोकसभेत जाऊन बसले. त्यांचे नाव यशवंतराव मार्तंडराव मुकणे.

जव्हारचे राज्य फार जुने. ते जायबा मुकणे या कोळी सरदाराने उभे केले. त्याची एक मजेदार कथा सांगतात. एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन जायबाने मागितली. देणाऱ्याला ती मागणी अगदी क्षुल्लक वाटली आणि त्याने ती मान्य केली. मग जायबाने त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या लांबलचक वादीने मोठा मुलूख वेढून घेतला! अशी कथा जगात इतर ठिकाणीही सांगतात. म्हणून तिच्यावर फार विसंबू नये. इतिहासातली गोष्ट अशी, की १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जायबाच्या मुलाला राजा म्हणून मान्यता दिली आणि त्याला निमशहा असा किताब दिला. तेव्हापासून जव्हारचे राजे आपल्या नावाला शहा जोडू लागले. विक्रमशहा, पतंगशहा, कृष्णशहा अशी ही नावे आहेत. शाह हा शब्द तुम्हांला उर्दूतून चांगला परिचयाचा आहे. फारसीतून तो मराठीत आला आणि या डोंगरातल्या कोळी राजघराण्याच्या नावात जाऊन बसला. राज्याच्या कागदपत्रांत वर्षेही १३४३ पासूनच मोजली जात.

१६६४ साली शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले होते. तेव्हा जव्हारजवळ शिरपामाळ येथे ते थांबले आणि विक्रमशहांनी त्यांचे स्वागत केले, असे येथील लोक मानतात. त्या जागी स्मारक आहे.

यशवंतरावांचा जन्म १९१७ साली झाला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९१८ साली, जव्हारला नगरपालिका स्थापन झाली. एवढ्या लहान डोंगरी गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळाली, याचे जव्हारकरांना अजूनही कौतुक वाटते. १९२७ साली यशवंतरावांचे वडील वारले आणि अवघ्या दहाव्या वर्षी ते राजे झाले. दहा वर्षांचा मुलगा राज्य काय चालवणार? तो वयात येईपर्यंत कारभार दुसऱ्यांनी पाहिला. १९३८ साली सर्व अधिकार यशवंतरावांच्या हाती आले.

हे राज्य केवढे होते? सुमारे ८०० चौरस किलोमीटर. शेजारचा मोखाडा मात्र या राज्यात नव्हता. तो इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. दोन्हीकडे माणसे तीच, बोली तीच, रानही तेच. पण एका टेकडीवरची माणसे राजाची प्रजा आणि पलीकडच्या टेकडीवरची माणसे इंग्रज सरकारची प्रजा. दोघांनाही एक गोष्ट मात्र सारखीच होती. आपल्यावर राज्य कोणी करावे, हे त्यांना कोणी कधी विचारले नव्हते.

यशवंतरावांच्या काळात जव्हारच्या टेकडीवर जयविलास हा नवा राजवाडा उभा राहिला. दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांनी हवाई दलात नोकरी केली. ही त्यांची तरुणपणाची वर्षे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि सारेच बदलले. भारतात तेव्हा साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती. ती एकेक करून भारतात सामील झाली. जव्हारचे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा एक भाग बनले. सहाशे वर्षांचे राज्य संपले, तेव्हा यशवंतरावांचे वय तीस वर्षांचे होते.

२६ जानेवारी १९५० पासून भारताची राज्यघटना अमलात आली. तिने एक मोठी गोष्ट केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला तिने एक मत दिले. (पुढे १९८९ पासून ही अट अठरा वर्षांवर आली.) राजवाड्यात राहणाऱ्याला एक मत आणि कारवीच्या झोपडीत राहणाऱ्यालाही एकच मत. जव्हारचा माणूस आणि मोखाड्याचा माणूस आता कोणाचीच प्रजा राहिला नाही. दोघेही मतदार झाले.

या मतांतून लोकसभा बनते. संसदेची दोन सभागृहे आहेत. राज्यसभेचे बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांचे आमदार निवडतात. लोकसभेचे सदस्य मात्र थेट लोक निवडतात. त्यासाठी साऱ्या देशाचे मतदारसंघ पाडले जातात आणि एका मतदारसंघातून एक खासदार जातो. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते. उमेदवाराचे वय निदान पंचवीस वर्षांचे असावे लागते. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी काही जागा राखीव असतात. राखीव जागेवर उभा राहणारा उमेदवार त्या जातींपैकी किंवा जमातींपैकीच असावा लागतो. मत मात्र त्या मतदारसंघातले सगळेच लोक देतात.

सुरुवातीला काही मतदारसंघ दोन सदस्यांचे असत. एक जागा सर्वांसाठी खुली आणि एक राखीव. मतदाराला दोन मते असत, पण ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. १९५७ साली ठाण्याचा मतदारसंघ असाच होता. त्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षाचे शामराव परुळेकर निवडून आले. तलासरी आणि डहाणू भागातल्या वारल्यांना वेठबिगारीतून सोडवण्यासाठी १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकर या पतिपत्नींनी मोठी चळवळ केली होती. डोंगरातले लोक आता मतांची ताकद ओळखू लागले होते. १९६१ साली कायदा करून दोन सदस्यांचे मतदारसंघ बंद केले गेले. राखीव जागांचे मतदारसंघ वेगळे झाले. १९६२ च्या निवडणुकीत भिवंडीची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती. तेथे काँग्रेस पक्षातर्फे यशवंतराव मुकणे उभे राहिले.

राजा आणि राखीव जागेवर? ऐकायला हे नवल वाटते. पण मुकणे घराणे महादेव कोळी जमातीचे. ही जमात अनुसूचित जमातींपैकी आहे. त्यामुळे त्यांना तेथे उभे राहण्याचा पूर्ण हक्क होता. राजवाड्यातल्या माणसाने गरिबांच्या जमातीची जागा घ्यावी का, हा प्रश्न मात्र कोणालाही पडण्यासारखा होता. त्याचे उत्तर राजाने किंवा दरबाराने द्यायचे नव्हते. ते मतदारांनी द्यायचे होते.

उमेदवार हा शब्दही लक्षात घेण्यासारखा आहे. घरी तुम्ही उम्मीद म्हणता, तोच हा शब्द. उमेदवार म्हणजे उमेद बाळगणारा, आशेवर असणारा. दहाव्या वर्षी न मागता गादी मिळालेल्या माणसाला चव्वेचाळिसाव्या वर्षी आशेवर राहावे लागले. मतमोजणी होईपर्यंत त्याला आपले भविष्य ठाऊक नव्हते. लोकांनी त्यांना निवडून दिले.

१९६२ साली तिसरी लोकसभा भरली. निवडून आलेल्या सदस्यांची संख्या ४९४ होती. जव्हारच्या दरबारात यशवंतरावांचा शब्द शेवटचा असे. लोकसभेत ते ४९४ जणांतले एक होते. तेथे बोलायचे तर अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष हे लोकसभेचे सदस्य आपल्यातूनच निवडतात. त्या वेळी सरदार हुकुमसिंग अध्यक्ष होते. सभागृहात शिस्त राखणे, प्रत्येक पक्षाला बोलण्याची संधी देणे, नियमांचा अर्थ लावणे ही अध्यक्षांची कामे असतात. सभेचे काम चालण्यासाठी एकूण सदस्यांपैकी निदान एक दशांश सदस्य हजर असावे लागतात. तेव्हा लोकसभा दिल्लीच्या गोल संसद भवनात भरत असे. २०२३ पासून ती शेजारच्या नव्या इमारतीत भरते.

लोकसभेचा दिवस बहुधा सकाळी अकरा वाजता प्रश्नांनी सुरू होतो. त्याला प्रश्नोत्तराचा तास म्हणतात. कोणताही खासदार मंत्र्यांना प्रश्न विचारू शकतो. काही प्रश्नांची उत्तरे मंत्र्याला उभे राहून द्यावी लागतात आणि त्यावर आणखी प्रश्न विचारता येतात. काहींची उत्तरे लेखी मिळतात. मला तर लोकसभेच्या सर्व कामांत हा तास सर्वांत मोलाचा वाटतो. मुंबईला वैतरणा नदीचे पाणी १९५७ पासून मिळू लागले; पण त्याच खोऱ्यातल्या मोखाड्याच्या बायकांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा-उतरावा लागतो. रस्ता नाही, दवाखाना लांब, रानावरचा हक्क हाती नाही. असे प्रश्न देशाच्या मंत्र्याला तोंडावर विचारण्याची जागा ती हीच. प्रश्न विचारला की तो सुटतोच, असे मात्र नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी येथे कुपोषणाने लहान मुले दगावली, तेव्हा या भागातून खासदार निवडून जाऊ लागल्याला चाळीस वर्षे झाली होती.

लोकसभेचे दुसरे मोठे काम कायदे करण्याचे. कायद्याचा मसुदा म्हणजे विधेयक. ते सभागृहात मांडतात, त्यावर चर्चा होते, दुरुस्त्या सुचवल्या जातात आणि शेवटी मत घेतले जाते. मतदानाआधी घंटा वाजते. बाहेर असलेले सदस्य धावत आत येतात, कारण नंतर दारे बंद होतात. सरकारने किती पैसा गोळा करावा आणि तो कशावर खर्च करावा, हे ठरवण्यात लोकसभेचा अधिकार राज्यसभेहून मोठा आहे. करांची आणि खर्चाची विधेयके आधी लोकसभेतच मांडावी लागतात.

आणि लोकसभेचा विश्वास गमावला तर सरकारला जावे लागते. यशवंतराव सदस्य असतानाच, ऑगस्ट १९६३ मध्ये, स्वतंत्र भारताच्या लोकसभेत पहिला अविश्वासाचा ठराव आला. तो आचार्य कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध मांडला होता. चार दिवस चर्चा झाली. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. नेहरूंचे सरकार टिकले. पण देशातल्या सर्वांत लोकप्रिय नेत्यालाही चार दिवस बसून टीका ऐकावी लागली. दरबारात वाढलेल्या सदस्याने हे दृश्य जवळून पाहावे, यात मोठा अर्थ आहे.

१९६७ च्या निवडणुकीत यशवंतराव डहाणूच्या राखीव जागेवरून पुन्हा निवडून आले. या चौथ्या लोकसभेपुढे एक असा प्रश्न आला, जो त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. संस्थाने विलीन झाली, तेव्हा राजांना दरवर्षी तनखा देण्याचे आणि त्यांचे किताब व मान कायम ठेवण्याचे वचन सरकारने दिले होते. सर्व नागरिक समान असतील, तर काहींना राजे म्हणून तनखा का द्यावा, असे लोक विचारू लागले. दिलेले वचन मोडावे का, असे दुसरे विचारत. दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणे होते. १९७० साली सरकारने यासाठी घटनादुरुस्तीचे विधेयक आणले. ज्या सभागृहात राजांच्या तनख्यावर चर्चा झाली, त्याच सभागृहाच्या बाकांवर काही माजी राजे सदस्य म्हणून बसले होते. मुकणे त्यांपैकी एक. कोणत्याही दरबारात असे कधी घडले नसते.

लोकसभेने विधेयक मंजूर केले. घटना बदलायची तर राज्यसभेतही हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. तेथे बाजूने १४९ आणि विरुद्ध ७५ मते पडली. आता हिशेब करा. एकूण मते २२४. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे १४९ पूर्णांक एक तृतीयांश. माणसाचे मत तुकड्यात मोजता येत नाही, म्हणून १५० मते हवी होती. एका मताने विधेयक पडले! सरकारने मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली आणि हा प्रश्न पुन्हा मतदारांपुढे गेला. १९७१ च्या नव्या लोकसभेत सरकारला मोठे बहुमत मिळाले. त्या वर्षाच्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि किताब कायमचे बंद झाले.

त्या नव्या लोकसभेत यशवंतराव नव्हते. डहाणूच्या जागेवर १९७१ साली लक्ष्मण काकड्या दुमाडा निवडून आले. पुढे १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू शिडवा कोम निवडून आले. परुळेकरांनी उभ्या केलेल्या लाल बावट्याच्या चळवळीचा हा पक्ष. १९७८ साली यशवंतराव मुकणे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या भागाचे खासदार कोम होते.