मौलाना हुसैन अहमद मदनी (रह.) आणि कौमचा प्रश्न

जून 1920 मध्ये माल्टा बेटावरील कैदेतून सुटलेले काही आलिम मुंबई बंदरात उतरले. त्यांत वयोवृद्ध शैखुल हिंद मौलाना महमूद हसन (रह.) होते आणि सोबत त्यांचे चाळिशीतले शिष्य हुसैन अहमद. इंग्रजांना हवे होते ते गुरुवर्य. शिष्य मात्र त्यांच्या सेवेसाठी आपणहून कैदेत गेला आणि त्या बंदिवासातच त्याने पवित्र कुरआन मुखोद्गत केले. या शिष्याचीच ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

मौलानांचा जन्म 1879 चा, उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथला. देवबंदमधील शिक्षण संपताच ते कुटुंबासह मदीना मुनव्वरा येथे गेले आणि मस्जिदे नबवीत त्यांनी वर्षानुवर्षे हदीसचे अध्यापन केले. 'मदनी' हे नाव त्या वास्तव्याचे. आपण हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ज्या माणसावर मातीला दीनपेक्षा मोठे केल्याचा आरोप झाला, त्याचे तारुण्य प्रेषितांच्या (स.) शहरात गेले होते.

1921 मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने इंग्रजी सैन्यातील नोकरी मुसलमानांसाठी हराम ठरवली. त्यावरून भरलेल्या खटल्यात मौलाना, अली बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच पिंजऱ्यात शारदा पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थही आरोपी म्हणून उभे होते. ते निर्दोष सुटले. पुढे 1927 पासून मौलाना दारुल उलूम देवबंदचे प्रमुख अध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

आता मूळ प्रसंगाकडे येऊ. जानेवारी 1938 मध्ये दिल्लीच्या एका सभेत मौलाना म्हणाले की, आजच्या काळात कौमा वतनामुळे बनतात. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ असा लावला की मौलानांनी मुसलमानांना दीनऐवजी वतनाच्या पायावर उभे राहण्याचा उपदेश केला. लाहोरात आजारी असलेल्या अल्लामा इक्बाल यांनी तीन फारसी शेरांतून त्यांच्यावर कठोर टीका केली. मौलानांचा खुलासा असा होता की, आपण जगाची वस्तुस्थिती सांगितली, उपदेश केला नाही. मध्यस्थामार्फत पत्रव्यवहार झाला आणि खुलासा पोहोचल्यावर इक्बाल यांनी आपला आक्षेप उरला नसल्याचे जाहीर केले. काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, त्यांचे निधन झाले. ते शेर मात्र मरणोत्तर संग्रहात छापले गेले. आम्हा विद्यार्थ्यांनाही शेर आधी पाठ झाले. समेटाची हकिकत फार नंतर कळली.

मौलानांनी त्याच वर्षी 'मुत्तहिदा कौमियत और इस्लाम' हे पुस्तक लिहिले. त्यांचा युक्तिवाद शब्दांपासून सुरू होतो. आपण मराठीत 'कौम' कधी जात, कधी समाज, तर कधी राष्ट्र या अर्थाने वापरतो आणि गोंधळ तिथेच होतो. मौलानांनी कौम आणि मिल्लत वेगळ्या केल्या. मिल्लत श्रद्धेने बांधली जाते. कौम भाषा, वंश वा भूमी यांनीही बनते. हजरत नूह (अ.), हजरत हूद (अ.) यांनी ज्यांना आपली कौम म्हणून हाक दिली, त्यांतील बहुतेकांनी त्यांचा संदेश नाकारला होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हिजरतीनंतर प्रेषितांनी (स.) मदीनेच्या यहुद्यांशी जो करार केला, त्यात प्रत्येकाचा दीन ज्याचा त्याच्याकडे राहिला आणि शहराचे रक्षण सर्वांचे झाले, हा त्यांचा मुख्य आधार.

काळ मात्र उलट दिशेने चालला होता. 1937 मध्ये अहमदाबादेत हिंदुमहासभेच्या अध्यक्षपदावरून सावरकरांनी या देशात हिंदू आणि मुस्लिम ही दोन राष्ट्रे असल्याचे सांगितले होते. 1940 मध्ये लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांचा ठराव केला. त्याच वर्षी मौलाना जमीयत उलमा-ए-हिंदचे अध्यक्ष झाले. 1942 मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. सुटून आल्यावर ते लीगविरुद्ध प्रचाराला निघाले, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांचा ठिकठिकाणी अपमान केला, अंगावरही धाव घेतली. देवबंदमध्येही दोन तट पडले, मौलाना शब्बीर अहमद उस्मानी (रह.) लीगच्या बाजूला गेले. 1945 च्या निवडणुकीत केंद्रीय विधिमंडळाच्या मुस्लिमांसाठी राखीव अशा सर्व 30 जागा लीगने जिंकल्या.

त्यांच्या मांडणीत उणीव नव्हती असे मी म्हणणार नाही. जमीयतने सुचवलेल्या केंद्रीय विधिमंडळात 45 जागा हिंदूंना, 45 मुसलमानांना आणि 10 इतरांना होत्या. एकच कौम मानणाऱ्यांनाही मोजणी धर्मानेच करावी लागली. त्या काळच्या राजकारणाची पकड किती घट्ट होती, हे यावरून समजते.

फाळणीनंतर पाकिस्तानात गेले असते तर त्यांना कोणी विचारले असते असे नाही. पण ते गेले नाहीत. सहारनपूर परिसरातील भयभीत मुसलमानांना घरदार सोडू नका, असे ते समजावीत राहिले. 1954 मध्ये पद्मभूषण जाहीर झाले, ते त्यांनी स्वीकारले नाही. सरकारी सन्मान घेणे आपल्या बुजुर्गांच्या रीतीत बसत नाही, ही त्यांची भूमिका होती. राजकारण बाजूला ठेवून ते हदीसच्या वर्गात बसत. 5 डिसेंबर 1957 रोजी देवबंद येथे त्यांचे निधन झाले. तेथील कब्रस्तानात शैखुल हिंद यांच्याजवळच त्यांना दफन करण्यात आले.