जिम व्हॅल्व्हानो

जेम्स थॉमस अँथनी उर्फ जिम व्हॅल्व्हानो (१० मार्च, १९४६ - २८ एप्रिल, १९९३) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९८० मध्ये आयोना हे लहान महाविद्यालय सोडून ते नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या संघाने १९८३ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९० मध्ये त्यांना तेच पद सोडावे लागले.

प्रारंभिक जीवन

व्हॅल्व्हानो यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील क्वीन्स भागात एका इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील रॉको हे शालेय बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. रटगर्स विद्यापीठात व्हॅल्व्हानो गार्ड या जागी खेळत. १९६७ मध्ये या संघाने नॅशनल इन्व्हिटेशन टूर्नामेंटमध्ये तिसरे स्थान मिळवले. त्याच वर्षी त्यांनी इंग्रजी विषयात पदवी घेतली.

आयोना महाविद्यालय

जॉन्स हॉपकिन्स व बकनेल येथे प्रशिक्षकपद सांभाळल्यानंतर व्हॅल्व्हानो १९७५ मध्ये न्यू रोशेल येथील आयोना महाविद्यालयात आले. पाच वर्षांत त्यांनी या अपरिचित संघाला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत नेले. १९७९-८० च्या मोसमात आयोनाने २९ सामने जिंकले. फेब्रुवारी १९८० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयोनाने लुईव्हिलचा ७७-६० असा पराभव केला. पुढे त्याच मोसमात लुईव्हिल राष्ट्रीय विजेता ठरला. या विजयामुळे मोठ्या विद्यापीठांचे लक्ष व्हॅल्व्हानो यांच्याकडे वेधले गेले.

मोसम संपताच त्यांनी आयोना सोडले. संघातील प्रमुख खेळाडू जेफ रुलँड याने विद्यार्थी असतानाच एजंटाशी करार केल्याचे नंतर उघड झाले. त्यामुळे त्याची महाविद्यालयीन पात्रता संपुष्टात आली आणि आयोनाची १९८० च्या राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरी अधिकृत नोंदींतून वगळण्यात आली.

नॉर्थ कॅरोलायना स्टेट

रॅले येथील हे विद्यापीठ १९७४ चे राष्ट्रीय विजेते होते. येथे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ व ड्यूक या जवळच्या प्रतिस्पर्ध्यांशी सतत तुलना होत असे. व्हॅल्व्हानो यांची नियुक्ती झाली त्याच महिन्यात माइक शेशेव्स्की ड्यूकचे प्रशिक्षक झाले. पहिल्या मोसमात व्हॅल्व्हानो यांच्या संघाने १४ सामने जिंकले व १३ गमावले.

१९८२-८३ मध्ये संघाने दहा पराभव पत्करले. तरीही विभागीय स्पर्धा जिंकून त्याने राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. सामन्याच्या अखेरीस फ्री थ्रोमध्ये कच्च्या असलेल्या खेळाडूंवर मुद्दाम फाऊल करून चेंडू परत मिळवणे, ही व्हॅल्व्हानो यांची नीती होती. ४ एप्रिल १९८३ रोजी आल्बुकर्की येथील अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर हकीम ओलाजुवान व क्लाइड ड्रेक्सलर यांचा ह्यूस्टन संघ होता. तो सलग २६ सामने जिंकून आला होता. शेवटच्या क्षणी डेरेक व्हिटेनबर्गने दुरून फेकलेला चेंडू बास्केटपर्यंत पोहोचला नाही. लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून बास्केटमध्ये टाकला आणि संघ ५४-५२ असा जिंकला. आलिंगन देण्यासाठी कोणी सापडते का हे पाहत मैदानभर धावणारे व्हॅल्व्हानो हे दृश्य अमेरिकी क्रीडा इतिहासात प्रसिद्ध आहे.

चौकशी आणि राजीनामा

१९८६ मध्ये विद्यापीठाच्या क्रीडा संचालकपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. १९८९ मध्ये पीटर गोलेनबॉक यांच्या पर्सनल फाउल्स या पुस्तकातून संघाच्या कारभारावर गंभीर आरोप झाले. चौकशीत खेळाडूंनी मोफत मिळालेली तिकिटे व बूट विकल्याचे आढळले. यात व्हॅल्व्हानो यांचा वैयक्तिक सहभाग सिद्ध झाला नाही. मात्र संघाला १९९० च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास मनाई झाली. खेळाडूंच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झाल्याची टीकाही झाली. एप्रिल १९९० मध्ये त्यांनी प्रशिक्षकपद सोडले. दहा मोसमांत त्यांच्या संघाने २०९ सामने जिंकले व ११४ गमावले.

अखेरची वर्षे आणि वारसा

त्यानंतर ते दूरचित्रवाणीवर समालोचक झाले. जून १९९२ मध्ये त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. ४ मार्च १९९३ रोजी ईएसपीएन वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात आर्थर ॲश धैर्य पुरस्कार स्वीकारताना त्यांनी कर्करोग संशोधनासाठी व्ही फाउंडेशन स्थापन होत असल्याचे जाहीर केले. आठ आठवड्यांनी, वयाच्या ४७ व्या वर्षी, ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. एकेकाळचे प्रतिस्पर्धी शेशेव्स्की आजारपणात त्यांचे निकटचे मित्र बनले होते. व्ही फाउंडेशन आजही कर्करोग संशोधनाला अर्थसाहाय्य करते.