पायरी झालेला सरदार : हैबतबाबा



आज हरिपाठाचा पहिला अभंग वाचला. देवाच्या दाराशी नुसतं उभं राहण्यालाही माउली केवढं मोल देतात! वाचताना आळंदीच्या महाद्वारातली पायरी डोळ्यांपुढे आली. तिला हैबतबाबांची पायरी म्हणतात. आपण वाकतो, हात लावतो, पुढे सरकतो. पण हा माणूस होता कोण?

हैबतराव पवार मूळचे साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. कमाई घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटलं आणि गुहेत कोंडलं, असं परंपरा सांगते. आत यांचा हरिपाठ चालूच. त्याच सुमारास नायकाला मुलगा झाला, आणि हे या कैद्याच्या भजनाचं फळ मानून त्याने त्यांना सोडलं. चमत्कार मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला पुढचं जास्त मोठं वाटतं. सुटल्यावर ते घरी जाऊन निवांत बसले नाहीत, थेट आळंदीला येऊन राहिले.

वारी तेव्हाही होतीच. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली होती, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र निघायच्या. पुढे मानपानाचे वाद झाले. (भक्तीच्या घरातही हे होतं, लपवायचं कशाला?) मग १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माउलींची पालखी स्वतंत्र काढली. घोडे, तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आले. अंकली आपल्या शेजारच्याच चिकोडी भागातलं, कृष्णाकाठचं. आजही माउलींचे अश्व तिथूनच चालत आळंदीला जातात. त्यातल्या एकावर स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही. तो माउलींचा. बाबांच्या सोबत्यांत आजरेकरही होते. नावातलं आजरा आपल्याच जिल्ह्यातलं, बरं का!

फौजेतल्या माणसाने फौजेची शिस्त वारीला दिली. दिंड्यांचा क्रम ठरला, निघण्या-थांबण्याच्या वेळा ठरल्या. रथापुढे आज २७ दिंड्या असतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी विचारतंच, भक्तीत एवढे नियम कशाला? त्यांना मी समाजआरती बघायला सांगते. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळांचा नुसता कल्लोळ! चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. म्हणजे लाखोंच्या गर्दीत एका दिंडीचं गाऱ्हाणं राहिलं, तर आरती थांबते. ही नुसती शिस्त नाही हो, यात माया आहे.

आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला दिंडी जाते, पुईखडीला रिंगण होतं. यंदा त्यात चालणार असाल तर अश्व धावताना अंकलीची आठवण ठेवा.

बाबांची समाधी आळंदीतच, देवळाच्या दाराशी आहे. कार्तिकीचा सोहळा आजही त्यांच्या पायरीच्या पूजेने सुरू होतो.