थॉमस कॅव्हरहिल जर्डन
थॉमस कॅव्हरहिल जर्डन (१२ ऑक्टोबर १८११ – १२ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्य व भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक अभ्यासक होते. इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात जन्मलेले जर्डन १८३६ साली मद्रासला आले. पूर्व घाटात जमविलेले पक्ष्यांचे नमुने त्यांनी ओळख पटविण्यासाठी स्कॉटलंडला सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठविले. परंतु ते पोहोचेपर्यंत त्यांना कसर लागली होती. तेव्हापासून जर्डन स्वतःच्याच निर्णयावर विसंबू लागले.

पुढे घोडदळाबरोबर ते जालन्यास आले. दख्खनमधील वास्तव्याच्या सुमारासच त्यांची द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची मद्रासच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीतच १८४० साली त्यांनी पश्चिम किनाऱ्यावरील तपकिरी डोक्याच्या कुरवाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. हे नाव हिवाळ्यात मात्र फसवे ठरते. तेव्हा डोके पांढरे असते, कानामागे केवळ गडद डाग उरतो, आणि काळ्या डोक्याचा कुरवही तसाच दिसतो. पंखांच्या काळ्या टोकांवरील पांढरे ठिपके आणि प्रौढ पक्ष्याचे फिकट डोळे यांवरून पहिला ओळखता येतो. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात प्रवरासंगमापर्यंत पसरलेल्या नाथसागरावरही उतरतो. जर्डन यांच्या काळी अर्थातच तो जलाशय नव्हता.

‘बर्ड्स ऑफ इंडिया’ (१८६२–६४) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. त्यांच्या नावाचा जर्डनचा धाविक नामशेष समजला जात होता. १९८६ साली तो आंध्र प्रदेशात पुन्हा आढळला.