सॅम ब्राउन: एक हात गमावलेला अधिकारी, त्याचा पट्टा आणि आजचं प्लास्टिक होल्स्टर

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीवर चंद्रपूरला घरी गेलो होतो. माझा मावसभाऊ गडचिरोली जिल्ह्यात पोलिसात आहे. दादाने आल्या आल्या माझ्यापुढे एक पट्टा टाकला. त्याला कापडी होल्स्टर अडकवलेलं. धावताना ते पुढे सरकतं, आणि पिस्तूल ओढलं की होल्स्टरच सोबत वर येतं. मग दुसऱ्या हाताने ते खाली दाबून धरावं लागतं, अशी त्याची तक्रार. तू इंजिनिअर आहेस ना, मग साच्यातलं कडक प्लास्टिकचं एखादं शोधून दे, नाहीतर बनवून दे, म्हणाला. मी सॉफ्टवेअरवाला. पण आमच्या घरात इंजिनिअर म्हणजे मिक्सरपासून पिस्तुलापर्यंत सगळं त्यानेच बघायचं.

मी वाचायला बसलो आणि सरळ एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचलो. दुसऱ्या हाताचा हाच प्रश्न एका माणसाला पडला होता, फक्त त्याच्याकडे दुसरा हातच उरला नव्हता. पोलीस परेडमध्ये अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरका जाणारा चामडी क्रॉस बेल्ट तुम्ही पाहिला असेल. त्याचं खरं नाव सॅम ब्राउन बेल्ट. हा सॅम ब्राउन कोण, ते आधी बघू.

सॅम्युअल जेम्स ब्राउनचा जन्म ३ ऑक्टोबर १८२४ चा, तोही इंग्लंडमधला नाही, कोलकात्याजवळच्या बराकपूरचा. वडील कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत डॉक्टर. सोळाव्या वर्षाच्या आसपास पोरगा बंगालच्या पायदळात भरती झाला. १८४८-४९ च्या दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धात चिलियनवाला आणि गुजरात (हे पंजाबातलं गाव, आपलं शेजारी राज्य नव्हे) या दोन्ही लढायांत तो होता. युद्ध संपल्यावर त्याने पंजाबच्या घोडदळाची एक पलटण उभी केली. पुढे तिला त्याचंच नाव मिळालं, आणि तिची परंपरा आज पाकिस्तानी सैन्यात चालू आहे.

आता मुद्द्याची तारीख: ३१ ऑगस्ट १८५८. उत्तर प्रदेशात पिलिभीतच्या बाजूला, इंग्रजी नोंदींत सीरपोरा असं लिहिलेल्या ठिकाणी, उठावातल्या सैनिकांच्या तोफेवर ब्राउन चालून गेला. सोबत फक्त एक स्वार. तोफ पुन्हा भरली जाऊ नये म्हणून तो तोफेभोवतीच्या लोकांशी एकटा भिडला. त्या झटापटीत तलवारीचे दोन वार बसले. एक डाव्या गुडघ्यावर, आणि दुसऱ्या वाराने डावा हात खांद्यापासून गेला. या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इथे मी जरा थांबलो होतो, खरं सांगतो. १८५८ च्या त्याच पावसाळ्यात आमच्याकडे बाबूराव शेडमाके अहेरीच्या जंगलात इंग्रजांशी लढत होते. ब्राउनचा हात गेल्यावर साधारण सात आठवड्यांनी, २१ ऑक्टोबरला, बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. वय पंचवीस. दरवर्षी त्या दिवशी लोक तुरुंगाच्या आवारात त्यांना वंदन करायला जातात. लहानपणी मीही आजोबांसोबत गेलोय. ब्राउन दुसऱ्या बाजूचा माणूस, तो आपला नायक नाही. पण त्याने सोडवलेला प्रश्न चोख सोडवला, हे मान्य करायला मला अडचण वाटत नाही.

प्रश्न काय होता? तेव्हा तलवारीचं म्यान कमरेच्या पट्ट्याला सैलसर लोंबत असे. डाव्या हाताने म्यान धरायचं आणि उजव्याने तलवार उपसायची. डावा हात नसेल तर म्यान तलवारीसोबत वर येतं, गोल फिरतं, घोड्यावर असाल तर पायांत अडकतं. दादाच्या कापडी होल्स्टरमध्ये हाच बग होता.

ब्राउनने कमरेला रुंद, जाड चामड्याचा पट्टा घेतला. डावीकडे म्यान त्याला घट्ट बांधलं आणि तिथून एक तिरका पट्टा उजव्या खांद्यावरून पाठीमागे नेला. म्यानाचं वजन खांद्याने उचललं, आणि म्यान जागचं हलेना. उजव्या कमरेला झाकण असलेल्या होल्स्टरमध्ये पिस्तूल. म्हणजे जे काम डावा हात करायचा, ते त्याने पट्ट्याकडून करून घेतलं. दोन हात असलेल्यांनाही ते सोयीचं वाटलं आणि बाकीचे अधिकारी तसाच पट्टा वापरू लागले. पुढे तो ब्रिटिश सैन्याच्या गणवेशातच आला आणि तिथून जगभरच्या सैन्यांत, पोलिसांत पसरला.

एका हाताने त्याची नोकरी थांबली नाही. १८७८ मध्ये दुसऱ्या अफगाण युद्धात पेशावरकडच्या फौजेचं नेतृत्व त्याच्याकडे होतं आणि नोव्हेंबरमध्ये खैबर खिंडीतला अली मशीद किल्ला याच फौजेने घेतला. १८८८ मध्ये तो जनरल झाला. निवृत्तीनंतर आइल ऑफ वाइट बेटावर राईड गावी राहिला आणि १४ मार्च १९०१ ला तिथेच वारला.

आता दादाचं होल्स्टर. एका हाताने पिस्तूल निघालं पाहिजे आणि परतही गेलं पाहिजे, ही अट आधी लिहून काढली. त्यावरूनच कळतं की होल्स्टर कितीही भारी घ्या, खालचा पट्टा लुळा असेल तर उपयोग नाही. म्हणून पहिला खर्च कडक, दुहेरी पट्ट्यावर केला.

मटेरियलमध्ये चामडं मी बाद केलं, कारण गडचिरोलीच्या पावसात ते फुगतं आणि त्यावर बुरशी येते. मित्राने थ्रीडी प्रिंटरवर छापून देतो म्हटलं. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. उरलं कायडेक्स. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं हे मिश्रण मुळात विमानाच्या आतल्या भागांसाठी १९६५ मध्ये आलं. साधारण दोन मिलिमीटरची शीट १६०-१८० अंशांपर्यंत तापवायची, मऊ झाली की पिस्तुलाच्या डमीवर ठेवून दोन जाड फोमच्या मध्ये दाबायची आणि थंड होईपर्यंत तसंच ठेवायचं. जास्त तापवली तर पीव्हीसीतून घातक वाफ निघते, त्यामुळे आईचा ओव्हन अजिबात नाही, आणि खोली हवेशीर हवी.

साचा त्याच मापाच्या रबरी डमीवरच काढायचा. खरं पिस्तूल, तेही सरकारी, या उद्योगात आणायचं नाही. खात्याचं हत्यार खाजगी होल्स्टरमध्ये ठेवायला दादाने वरिष्ठांची परवानगी आधीच घेतली होती.

दोन गोष्टींवर तडजोड केली नाही. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा, बाहेरून बोटही पोहोचता कामा नये. आणि ट्रिगर गार्डच्या पोकळीत शीट नीट दबलेली हवी. पिस्तूल आत गेल्यावर टक असा आवाज येतो तो तिथूनच, आणि उलटं धरलं तरी ते पडत नाही. खालचं तोंड उघडं ठेवलं, म्हणजे पाणी आणि चिखल निघून जातो.

पहिला साचा बिघडला, शीट अर्धवट तापली होती. दुसरा जमला. दादाने डावा हात खिशात घालून डमी पन्नास वेळा तरी काढली आणि परत ठेवली. होल्स्टर जागचं हललं नाही. आता त्याची एकच तक्रार आहे: मोटरसायकलवर बसलं की खालची कड मांडीला टोचते. ती कापून, पॉलिश पेपरने घासून पुढच्या खेपेला नेऊन देणार आहे.