व्हेरोनिका रॉड्रिग्ज

व्हेरोनिका फिलोमेना रॉड्रिग्ज (१९५३ – १० नोव्हेंबर २०१०) या भारतीय जीवशास्त्रज्ञ होत्या. घडणाऱ्या चेतापेशीला तिचा विशिष्ट प्रकार कसा प्राप्त होतो, हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होता.

जीवन

त्यांचा जन्म केनियात झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकल्यानंतर युरोपात न थांबता त्या मुंबईला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबैद सिद्दिकी यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्यासाठी आल्या. ज्या देशात त्या वाढल्या नव्हत्या, तीच त्यांची कर्मभूमी ठरली. मध्यंतरी जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे काही काळ संशोधन करून त्या पुन्हा मुंबईस परतल्या. अखेरच्या काळात त्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात होत्या. कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

संशोधन

सिद्दिकी यांच्यासमवेत त्यांनी वास व चव ओळखण्यात दोष असलेल्या फळमाश्यांचे उत्परिवर्तित वाण शोधले. ट्यूबिंगेनला किरणोत्सारी शर्करेचा वापर करून, निरनिराळ्या गंधांनी माशीच्या मेंदूतील निरनिराळ्या जागा उद्दीपित होतात, हे त्यांनी दाखवले.

त्यांचे अधिक मूलगामी कार्य मात्र प्रतिलेखन घटकांविषयीचे आहे. हे घटक म्हणजे इतर जनुके चालू वा बंद करणारी प्रथिने. माशीच्या शृंगिकेवर गंध टिपणारे सूक्ष्म केस तीन मुख्य प्रकारचे असतात. त्यांपैकी एक प्रकार अटोनल या जनुकावर अवलंबून असतो, हे १९९७ मध्ये रॉड्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले. उरलेल्या दोन प्रकारांचा उलगडा १९९८ मध्ये झाला. लॉझेंज या प्रतिलेखन घटकाचे प्रमाण अधिक असल्यास एक प्रकार घडतो, कमी असल्यास दुसरा. म्हणजे घटक आहे की नाही एवढेच नव्हे, तर तो किती आहे यावरही पेशीचे भवितव्य ठरते.

फळमाशीच्या नाकाचा हा अभ्यास वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु मज्जारज्जूत स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी घडतात, त्याही अशाच प्रतिलेखन घटकांच्या नियंत्रणाखाली. शिवाय लॉझेंजचा मानवातील सगोत्र घटक रक्तपेशींच्या घडणीस आवश्यक असून, त्याच्या जनुकातील बिघाड रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत आढळतो.