‘पत्री’ : क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या चरित्रातील एक शब्द

एखाद्या राज्ययंत्रणेला तिच्या संस्थापकांनी दिलेले नाव मागे पडावे आणि लोकांनी थट्टेने घडविलेले नाव इतिहासात रूढ व्हावे, असे क्वचितच घडते. साताऱ्याच्या प्रतिसरकारबाबत ते घडले. म्हणूनच क्रांतिसिंह नाना पाटील यांचे चरित्र बोलीभाषेच्या अभ्यासकालाही महत्त्वाचे वाटते.

नाना रामचंद्र पिसाळ, म्हणजेच नाना पाटील, यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी झाला. वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून ते स्वातंत्र्यचळवळीत उतरले व पुढील बारा वर्षांत त्यांनी अनेकदा कारावास भोगला. सत्यशोधक विचारांचा संस्कार आणि शेतकऱ्याची रांगडी, उपहासगर्भ बोली ही त्यांच्या वक्तृत्वाची दोन अंगे होत.

१९४२ च्या आंदोलनानंतर ते भूमिगत झाले. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारने तुफान सेना, न्यायदान मंडळे आणि ग्रामसमित्या उभारल्या. कुंडल हे त्याचे प्रमुख केंद्र होते. त्यालगतचा कडेगावचा परिसर त्या वेळी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मोडत असे. तोही या चळवळीच्या प्रभावक्षेत्रात होता. याच टापूतील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव होय.

‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग कुणब्याच्या तोंडी सहज बसणारा नव्हता. रकाराची जागा बदलून त्याचे ‘पत्री’ झाले. हा निव्वळ वर्णविपर्यय मानता येत नाही, कारण नव्या रूपाला अर्थ आधीच तयार होता. बैलाच्या खुराला ठोकतात ती लोखंडी पत्री. दरोडेखोर, गावगुंड आणि पोलिसांचे खबरे यांच्या तळपायांवर काठीचे फटके मारण्याची शिक्षा दिली जाई. बैलाला पत्री मारावी तशी यालाही मारली, असा विनोद त्यातून निघाला. ध्वनिसाम्य आणि उपमा यांच्या संयोगातून शब्द स्थिरावला.

या विनोदाला दुहेरी धार होती. जुलमी माणूस जनावराच्या पंक्तीला बसल्याचे समाधान त्यात होते. तसेच शिक्षेची क्रूरता हास्याआड झाकण्याची सोयही होती. प्रतिपक्षाला हाच शब्द हेटाळणीसाठी वापरता आला. त्यामुळे प्रतिसरकार म्हणजे केवळ मारझोड, असे एकांगी चित्र रूढ होण्यास या शब्दाचाच हातभार लागला. हुंडा, मानपान आणि जेवणावळी यांना फाटा देणारा विवाह ‘गांधी लग्न’ या नावाने ओळखला जाई. प्रतिसरकारचे विधायक अंग सांगणारा तो शब्द मात्र तितका दूरवर पोचला नाही.

१९४६ मध्ये नाना पाटील प्रकट झाले. पुढे शेतकरी कामगार पक्ष आणि नंतर कम्युनिस्ट पक्ष असा त्यांचा प्रवास झाला. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

लोकांनी आपले राज्य आपल्या शब्दात ओळखले, हे ‘पत्री’ या रूपाचे खरे मोल होय. मात्र त्यातील हास्य तेवढे स्वीकारून न्यायदानाचा आणि समाजसुधारणेचा भाग विसरला गेल्यास शब्द टिकेल, पण त्यामागील चरित्र अपुरे राहील.